फॅन फिरतोय, लाईट लागलीय, पण स्क्रीन काळी: दुकानात न्यायच्या आधी घरी काय काय बघायचं

मी खानापुरात राहते आणि घरातूनच लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बॅनर असलं मराठी-कन्नड टायपिंगचं काम करते. दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलच्या लग्नसराईत माझा जुना कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून बेळगावातून एक सेकंडहँड ऑफिसचा टॉवर, म्हणजे कॉम्प्युटरचा उभा डबा, घेतला. भावाने तो गाडीवर पुढ्यात धरून पंचवीस-सव्वीस किलोमीटर खड्ड्यांतून आणला, घरी जुनाच मॉनिटर जोडला, बटण दाबलं, फॅन फिरायला लागला आणि स्क्रीनवर फक्त "नो सिग्नल". तीन दिवस गेले त्यात. चार पत्रिकांची कामं हातात, लोक फोनवर फोन करालेत, आणि एका दुकानात बघून सांगितलं की मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किटचा बोर्ड, गेलाय, बदलावा लागेल.

मदरबोर्ड गेला नव्हता. प्रवासात रॅम, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेली मेमरीची पट्टी, हलली होती आणि त्याच्यावर परत मी आणलेली केबल चुकीची होती, असे दोन दोष एकावर एक. एक दुरुस्त केला तरी दुसऱ्यामुळे स्क्रीन काळीच राहायची, म्हणून कळायला तीन दिवस लागले. तेव्हापासून गल्लीतली पोरं, आजूबाजूच्या गावातली ओळखीची माणसं मला विचारतात, "अक्का, लाईट हाय, फॅन फिरालाय, पण स्क्रीनवर कायच येईना." त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथं क्रमाने लिहितेय. क्रम मोडू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल पण बदलली, रॅम पण काढली, सेटिंग पण हलवलं असं एकदम केलं तर चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर गोंधळ वाढतो.

हाताशी काय ठेवायचं

- एक स्टार स्क्रूड्रायव्हर
- शाळेतला साधा पांढरा खोडरबर
- मऊ कोरडा ब्रश, रंगकामाचा नवीन असला तरी चालेल
- मोबाईल, टॉर्चसाठी आणि फोटो काढायला
- जमलं तर दुसरी एक चांगली चालणारी केबल, शेजाऱ्याकडून मागून आणलेली चालेल
- घरात एचडीएमआय (चित्राच्या केबलीचा एक प्रकार) असलेला टीव्ही असेल तर उत्तमच, तो मॉनिटर म्हणून वापरता येतो
- खरेदीचं बिल आणि वॉरंटीचं कार्ड

वॉरंटी चालू असेल आणि कॅबिनेटला कंपनीचं सील असेल तर पायरी ५ च्या पुढे स्वतः उघडत बसू नका, थेट बिल घेऊन जा.

१. स्क्रीनवर नेमकं काय येतंय ते वाचा

"काहीच येत नाही" असं सगळे म्हणतात, पण बहुतेक वेळा काहीतरी येत असतं. मॉनिटरचं बटण दाबल्यावर पहिली पाच-दहा सेकंद नीट बघा. कंपनीचं नाव येऊन मग "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" आलं तर मॉनिटरला वीज मिळतेय, त्याचा पडदा चालतोय, फक्त कॉम्प्युटरकडून चित्र पोचत नाही. "आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" आलं तर चित्र पोचतंय पण मॉनिटरला न झेपणाऱ्या मापात येतंय, ते पायरी ८ मध्ये. आणि मॉनिटरचा बारका दिवासुद्धा लागत नसेल तर वीजच नाही. मग बोर्डाचं बटण, एक्स्टेन्शन, मॉनिटरमागे घुसवलेली पॉवर वायर बघा. ही वायर टॉवरच्या वायरसारखीच असली तर अदलाबदल करून बघा. काही मॉनिटरला वेगळा अडॅप्टर असतो, तो वळवाच्या विजांच्या दिवसात जळायचं प्रमाण मी तरी जास्त बघितलंय.

इथंच मॉनिटरचा इनपुट पण बघून घ्या. मॉनिटरच्या खाली किंवा मागे बटणं असतात, त्यात "इनपुट" किंवा "सोर्स" असतं. केबल एचडीएमआयला लावलीय आणि मॉनिटर व्हीजीएवर (जुन्या निळ्या टोकाच्या केबलीवर) बसलाय असं खूपदा निघतं. सगळे मॉनिटर आपोआप शोधत नाहीत, हाताने निवडा.

२. मॉनिटर एकटा तपासा

कॉम्प्युटरची केबल मॉनिटरमधून पूर्ण काढा, फक्त पॉवर ठेवा आणि मॉनिटर बंद करून चालू करा. पडद्यावर "नो सिग्नल" असा मेसेज उमटला तर मॉनिटर चांगला आहे, त्याला बिचाऱ्याला दुकानात न्यायची गरज नाही.

मेसेज दिसत नाही पण दिवा लागतोय, तर खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पडद्याजवळ न्या. आत फिकट, सावलीसारखी अक्षरं दिसली तर चित्र येतंय, मागचा प्रकाश गेलाय. ते काम दुकानातच. मॉनिटर घरी उघडू नका, आत वायर काढल्यावरही वीज साठून राहते. टॉवरमधल्या एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या, डब्याचंही तसंच, त्याचे स्क्रू कधीच सोडायचे नाहीत.

३. कॉम्प्युटर खरंच चालू झालाय का

ही पायरी मला कुणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझे दोन दिवस वाचले असते. फॅन फिरतोय म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला असं नसतं, फॅनला नुसती वीज पुरते. कॉम्प्युटर चालू करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक किंवा नम लॉक दाबा. दाबल्यावर बारका दिवा लागतो-विझतो का बघा.

लागतो-विझतो: मशीन आतून चालू आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. संशय केबल, पोर्ट (केबल घुसवायचं भोक), मॉनिटरचा इनपुट किंवा विंडोजच्या सेटिंगवर. पायरी ४, ५ आणि ८ बघा.

काहीच होत नाही: मशीन सुरुवातीलाच अडकलंय. पायरी ४ आणि ५ वर एक नजर टाका आणि मग ६, ७ वर जा.

कीबोर्डला असला दिवा नसेल तर स्पीकर लावून विंडोजचा आवाज येतो का ऐका, किंवा टॉवरवरचं पॉवर बटण एकदाच हलकं दाबून सोडा. विंडोज चालू असेल तर बहुतेक मशीन थोड्या वेळात आपोआप नीट बंद होतं. दाबून धरल्याशिवाय बंदच होत नसेल तर अडकलेलंच आहे.

४. केबल टॉवरच्या मागे कुठल्या भोकात गेलीय

टॉवर फिरवून मागून बघा. वरच्या बाजूला उभे पोर्ट असतात, जिथे यूएसबी, नेटची वायर, ऑडिओ असतं, ते मदरबोर्डचे. खाली आडव्या पट्टीवर वेगळे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच दुसरा प्रकार) असले तर ते ग्राफिक्स कार्डाचे, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या वेगळ्या कार्डाचे. कार्ड असेल तर केबल खाली कार्डालाच लावायची. वर लावली तर बहुतेक मशीनमध्ये "नो सिग्नल" येतं, कारण कार्ड बसवलं की मदरबोर्डचं आउटपुट बंद होतं.

याच्या उलट पण फसगत होते. कार्ड काढून विकलेले सेकंडहँड टॉवर मिळतात, वर एचडीएमआयचं भोक दिसतं, पण प्रोसेसरलाच, म्हणजे मुख्य चिपलाच, ग्राफिक्स नसतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो, म्हणजे १२४०० एफ वगैरे, त्यात आतलं ग्राफिक्स नाही. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत डेस्कटॉपचे जी अक्षरवाले, म्हणजे ५६०० जी सारखे, त्यात ग्राफिक्स असतं, नुसत्या ५६०० मध्ये नसतं. असल्या मशीनला कार्डाशिवाय त्या भोकातून कधीच चित्र येणार नाही, कितीही केबली बदला. घेताना दुकानदाराला प्रोसेसरचं पूर्ण नाव बिलावर लिहून मागा.

५. केबल कुठली आहे, आणि कुठून कुठं जाते

माझी खरी चूक इथं झाली म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑफिसमधून निघालेल्या सेकंडहँड टॉवरना बऱ्याचदा डिस्प्लेपोर्ट असतो, आणि आपल्या घरातल्या जुन्या मॉनिटरला व्हीजीए नाहीतर एचडीएमआय. डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयसारखाच दिसतो पण त्याचा एकच कोपरा तिरका कापलेला असतो, एचडीएमआयचे खालचे दोन्ही कोपरे आत घेतलेले असतात. मी दुकानात जाऊन म्हटलं एका टोकाला एचडीएमआय आणि एका टोकाला डिस्प्लेपोर्ट असलेली केबल द्या, त्यांनी दिली, दोन्ही टोकं छान बसली, आणि चित्र नाही.

ह्या केबली एकाच दिशेने चालतात. टॉवरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर "डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय" मागायची, म्हणजे सिग्नल डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआयमध्ये जातो. मला मिळालेली "एचडीएमआय टू डिस्प्लेपोर्ट" होती, दिसायला तंतोतंत तीच. पाकिटावर बाण किंवा "टू" च्या आधी काय लिहिलंय ते वाचा. आधीचं नाव टॉवरचं, नंतरचं मॉनिटरचं. दुकानात जाताना दोन्हीकडच्या भोकांचे मोबाईलवर फोटो काढून न्या आणि "हे कॉम्प्युटरला, हे मॉनिटरला" असं बोट ठेवून सांगा.

व्हीजीएचं वेगळं. व्हीजीए १९८७ पासूनचं, जुन्या पद्धतीचा ॲनालॉग सिग्नल, आणि एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट डिजिटल. त्यामुळे एचडीएमआयवाल्या टॉवरला व्हीजीए मॉनिटर लावायचा तर मधे कन्व्हर्टर लागतो ज्याच्या आत चिप असते. नुसती दोन टोकं जोडलेली स्वस्त वायर मिळते ती चालत नाही. आणि व्हीजीए टॉवर, एचडीएमआय मॉनिटर असं उलटं असेल तर त्याचा कन्व्हर्टर परत वेगळा, त्याला बहुतेक यूएसबीतून वीज द्यावी लागते, ती वायर लोंबकळत ठेवली तर चित्र येत नाही.

व्हीजीएच्या निळ्या टोकात १५ पिनांची जागा असते, पाच-पाचच्या तीन रांगा. बऱ्याच केबलींमध्ये मधल्या रांगेतली ९ नंबरची पिन मुद्दामच नसते, ती तुटलीय समजून केबल टाकू नका. पण एखादी पिन वाकून शेजारणीला टेकली असेल तर टॉर्चच्या उजेडात दिसते. बारीक चिमट्याने एकदाच, अगदी हळू सरळ करायची, दोन-तीनदा पुढेमागे केली की तुटते. चित्र येतंय पण सगळं गुलाबी नाहीतर पिवळं दिसतंय तर तीच भानगड, एका रंगाची पिन टेकत नाही. दोन्ही बाजूचे स्क्रू हाताने आवळा.

डिस्प्लेपोर्टच्या बऱ्याच टोकांना वर एक बारकं बटण असतं, ते दाबल्याशिवाय ओढू नका, भोकच उचकटतं. एचडीएमआयला तसा खटका नसतो, टेबल भिंतीला सरकवलं की ती अर्धी बाहेर येते आणि बाहेरून बसल्यासारखीच दिसते. काढून परत पूर्ण आत ढकला.

लॅपटॉपला दुसरा मॉनिटर लावणाऱ्यांसाठी एवढंच, की टाईप-सीच्या प्रत्येक भोकातून चित्र येत नाही. भोकाशेजारी थंडरबोल्टचं कडाडणाऱ्या विजेसारखं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह आहे का बघा, नाहीतर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती वाचून मगच केबल घ्या.

६. साठलेली वीज काढून टाका

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते-येते, दिवसातून चार वेळा सुद्धा, आणि अशा झटक्यानंतर चांगलं चालणारं मशीन काळं पडतं. त्यावर सोपा उपाय. टॉवर बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करून वायरच काढा, मॉनिटर, कीबोर्ड, पेनड्राईव्ह, प्रिंटर सगळं सोडवा. मग टॉवरचं पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा. आता फक्त पॉवर, मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून चालू करा. पेनड्राईव्ह किंवा प्रिंटरमुळे अडकणारी मशीनंही मी बघितलीत, म्हणून बाकीचं नंतर एकेक लावा.

७. कॅबिनेट उघडून रॅम

वायर काढलेली आहे ना परत बघा. हात कोरडे करा. बाजूचा पत्रा काढला की आधी कॅबिनेटच्या बिनरंगाच्या धातूला हात लावा, अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग आहे तसा फोटो काढा, हे विसरू नका.

रॅम म्हणजे मदरबोर्डवर उभी खोचलेली वीतभराहून लहान पट्टी. दोन्ही टोकांना, काही बोर्डांवर एकाच टोकाला, पांढरा किंवा काळा खटका असतो. तो बाहेर दाबला की पट्टी वर येते. खाली पिवळे सोनेरी दात दिसतील. माझ्या रॅमचे दात सोनेरी नव्हते, मळकट तांबूस झाले होते आणि एका कडेला हिरवट डाग होता. पट्टी कडेला धरून, स्वच्छ कापडावर ठेवून, खोडरबर एकाच दिशेने हलक्या हाताने दहा-बारा वेळा फिरवला, दोन्ही बाजूंनी. रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झाडला, तो बोर्डावरच्या खाचेत (जिथं पट्टी खोचतात) गेला तर नवीन दुखणं. खाचही ब्रशने झाडली.

परत बसवताना पट्टीतला कापलेला खाचा आणि बोर्डावरचा उंचवटा जुळवा, जुळला नाही तर पट्टी फिरवा, जोर करू नका. जुळल्यावर मात्र दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा, खटका "टक" आवाज करून आपोआप मिटला पाहिजे. नवीन माणूस इथं भितो आणि पट्टी अर्धीच बसते. माझी एका बाजूनं बसली होती, दुसऱ्या बाजूनं दाण्याएवढी वर होती, डोळ्यांना कळत नव्हतं, खटक्यानेच कळलं.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग खाच बदलून. एकच पट्टी असेल आणि चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी खाच बरोबर असते.

रॅम साफ करून चालू केल्यावर माझ्या कीबोर्डचा कॅप्स लॉकचा दिवा पहिल्यांदा लागला. स्क्रीन तरी काळीच! पण तो दिवा लागला तेव्हाच कळलं की मशीन जिवंत आहे आणि आता राहिला प्रश्न केबलीचा. दुकानात त्यांच्या केबलीवर चित्र आलं नव्हतं ते रॅममुळे, आणि रॅम बसल्यावरही माझ्याकडे आलं नाही ते केबलीमुळे.

पत्रा उघडाच आहे तर आणखी थोडं बघून घ्या:

- ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून परत दाबून बसवा. त्याला वरून ६ किंवा ८ पिनांची वीजेची वायर लागत असेल तर ती लागलीय का बघा.
- प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांची वेगळी वायर असते. नवीन असेम्बल केलेल्या मशीनमध्ये ती राहून जाते. फॅन फिरतात, चित्र येत नाही.
- गोल नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. तो काढून पाच मिनिटं ठेवा आणि परत लावा, जुनी अडकलेली सेटिंगं पुसली जातात. मशीन चार-पाच वर्षं जुनं असेल तर नवीनच घाला. नंतर तारीख-वेळ मात्र परत लावावी लागते.
- काही बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारके दिवे असतात. जो पेटून राहतो तिथं अडलंय. दिवे नसतील आणि बोर्डाला बारका स्पीकर असेल तर पी-पी असे किती आवाज येतात ते मोजून लिहून ठेवा, प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो, दुकानदाराला त्यावरून कळतं.

अगदी नवीन डीडीआर ५ रॅमचं मशीन पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, ते रॅमची जुळणी करत असतं. घाबरून मधेच बंद करू नका, दहा मिनिटं द्या.

८. आधी लोगो दिसतो, मग काळं होतं

म्हणजे केबल, मॉनिटर, रॅम सगळं ठीक आहे, विंडोजचा प्रश्न आहे. पत्रा उघडायची गरजच नाही.

आधी विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार एकदम दाबा, ग्राफिक्स परत सुरू होतं, बऱ्याचदा बारका आवाज येतो. मग विंडोज आणि पी दाबा, कारण आधी कुणीतरी प्रोजेक्टर किंवा टीव्ही लावला असेल तर चित्र "सेकंड स्क्रीन ओन्ली" वर राहिलेलं असतं. डोळ्यांना काही दिसत नसलं तरी विंडोज धरून पी दाबा, एकदा खालचा बाण, एंटर, आणि दहा सेकंद थांबा. नाही आलं तर परत तसंच.

"आउट ऑफ रेंज" येत असेल किंवा काहीच उपाय चालत नसेल तर सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतं विंडोज चालू करायची पद्धत. विंडोज १० आणि ११ मध्ये लोगो आल्यावर पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ४ दाबा. आत जाऊन रिझोल्युशन (चित्राचं माप) कमी करा नाहीतर डिव्हाईस मॅनेजरमधून डिस्प्लेचा ड्रायव्हर (चित्र चालवणारा प्रोग्राम) काढून टाका, परत चालू केल्यावर विंडोज स्वतः घालतं. हा उपाय बाकी कशासाठी खेळ म्हणून करू नका, सारखं मधेच बंद केल्याने फाईली खराब होतात.

९. तरीही नाही आलं, तर दुकानात नेताना

पायरी २ मध्ये मॉनिटर चांगला निघाला असेल तर फक्त टॉवर न्या, पण तुमची स्वतःची केबल बरोबर न्या, कारण त्यांच्या केबलीवर चालून घरी परत काळं, असं होतं. कागदावर लिहून न्या: कॅप्स लॉकचा दिवा लागतो का, लोगो दिसतो का, किती पी-पी वाजतं, शेवटचं कधी चाललं, त्याआधी लाईट गेली होती का. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर "फॅन तिरगतैती, डिस्प्ले बरवल्दु" एवढं म्हटलं तरी त्याला पुरतं.

मदरबोर्ड गेला म्हणाले तर तुमच्या समोर दुसरी रॅम घालून आणि दुसरी केबल लावून दाखवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे आणि चांगला माणूस नाही म्हणत नाही. काही बदललंच तर जुना पार्ट परत मागून घ्या आणि बिलावर नवीन पार्टचं नाव आणि वॉरंटी लिहून घ्या. हार्डडिस्कमध्ये कामाच्या फाईली असतील तर "फॉरमॅट करू नका" हे आधीच सांगा, माझ्या अख्ख्या पत्रिकांचे नमुने त्यातच होते.

नेता-आणताना टॉवर वाकळेत गुंडाळा आणि गाडीवर उभा धरण्यापेक्षा रिक्षात किंवा बसमध्ये सीटवर आडवा ठेवा, उघडणारा पत्रा वर येईल असा, म्हणजे कार्ड खाचेतून आडवं लोंबकळत नाही. आणि घरी आणल्यावर लगेच वायर लावू नका. आधी पत्रा उघडा, रॅम आणि कार्ड अंगठ्याने एकदा दाबून बघा, खटके मिटलेले आहेत का बघा, मग बटण दाबा.